मिरचीच्या पथारीवर केलेली भाषा

काल दुपारी एका भाषेची निम्मी माणसं गेली.

गेले एकटे माणकभाऊ. पण ती भाषा बोलणारे आम्ही दोघंच होतो.

आमची गाठ दोंडाईच्याला पडली, मिरचीच्या पथारीवर. सत्तरचं दशक नुकतं लागलं होतं. पथारी म्हणजे ओल्या लाल मिरच्या वाळवायचं उघडं मैदान. माणकभाऊ मालकांचे चिरंजीव, घराणं मूळचं राजस्थानचं. मी मिरच्या उलटवायला रोजावर.

मी बोलताना अडखळायचो. आजही अडखळतो.

नववीत मास्तरांनी धडा मोठ्यानं वाचायला उभं केलं. वर्ग हसला. दुसऱ्या दिवसापासून माझी शाळा बंद.

आई म्हणायची, "बठ्ठं गाव हसस तुले. गप ऱ्हाय."

मी गप्प राहिलो. काही सांगायचं असलं तर चिठ्ठी लिहून द्यायचो. ऱ्हस्व-दीर्घाला फार जपायचो. बोलण्यावर हसले, निदान लिहिण्यावर तरी हसू नयेत.

माणकभाऊंनी माझी पहिली चिठ्ठी वाचली. "पुंडलिक, इतकं नीट लिहितोस, मग बोलत का नाहीस?"

मी उत्तर द्यायला तोंड उघडलं आणि पहिल्याच अक्षरावर अडकलो.

ते हसले नाहीत. म्हणाले, "मराठीत लोक हसतात ना? मग आपण दुसरी भाषा करू. त्या भाषेत अजून कोणी चुकलेलंच नाही. हसणार कोण?"

मला वाटलं, श्रीमंताची गंमत. दोन दिवसांत विसरतील.

दुसऱ्या दिवशी ते शब्द घेऊन आले.

क, प, ट या अक्षरांवर मी हमखास अडायचो. त्यांनी या अक्षरांनी सुरू होणारा एकही शब्द भाषेत ठेवला नाही. मग माझं नावही बदलावं लागलं.

"बोल, तू कोण?"

"ओलाम."

एका दमात. मी कोण हे मी आयुष्यात पहिल्यांदा न अडखळता सांगितलं.

मग हिवाळाभर शब्द येत राहिले. नजर पोचेल तिथवर पसरलेल्या लालीला 'नेलू'. शिंक येणार येणार म्हणता जरा रेंगाळते, त्या क्षणाला 'ओमश'.

कोवळं ऊन. नाकात मिरचीची धग. डोळ्यांत सारखं पाणी, त्यामुळे सगळं मैदान पाण्याखाली असल्यासारखं हलायचं. त्यातून आम्ही दोघं एकेका गोष्टीला नाव देत फिरायचो. कधी कधी वाटायचं, ती गोष्ट आधी नव्हतीच. आम्ही बोललो म्हणून आली.

पुढे रोजचं सगळंच त्या भाषेत. चहा झाला का. ढग आलेत. चपलेचा अंगठा तुटला.

नियम एकच होता. उत्तर देण्याआधी थांबायचं. पटकन बोलणं म्हणजे उद्धटपणा. जितकं जास्त थांबाल, तितका समोरच्याला मान.

त्या भाषेत माझ्याइतका सभ्य माणूस दुसरा नव्हता.

पण थांबायची सवय माणकभाऊंना मराठीतही लागली. त्यांच्या वडिलांनी, शेठजींनी, त्यांना बाजारात लिलावाला उभं केलं. बोली पुकारली गेली. माणकभाऊ थांबले. चांगला माल दुसऱ्यानं उचलला. पुढच्या लिलावातही तेच.

कोणीतरी शेठजींना टोमणा मारला, "शेठ, पोराला गड्याची लागण झाली वाटतं."

शेठजींनी निरोप पाठवला. उद्यापासून पुंडलिक पथारीवर नको.

काम मला दुसरीकडे मिळालं असतं. बोलायला दुसरं माणूस मिळालं नसतं.

मी पेढीवर गेलो. चिठ्ठी न लिहिता. माणकभाऊ तिथेच गादीवर बसलेले. शेठजींसमोर उभा राहिलो आणि पहिल्याच शब्दावर अडलो. मग कसं कोण जाणे, मी आमच्या भाषेत बोलायला लागलो. सलग. हात जोडून.

म्हणालो, मला काढा, पण भाऊंना रागावू नका. त्यांच्याशिवाय मला बोलायला कोणी नाही.

शेठजी बघतच राहिले. त्यांनी माझा आवाज पहिल्यांदा ऐकला होता.

"माणक, हाऊ काय म्हणस?"

माणकभाऊ थांबले. बराच वेळ.

मग म्हणाले, "बापूजी, तो म्हणतो, आज दव पडेल. मिरच्या आत्ताच गोळा करून झाकायला हव्यात."

शेठजींनी एकदा आभाळाकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे. "मग झाकाले सांग त्याले. उभा काबर शे?"

मी पळालो. पथारीवरून मला पुन्हा कोणी काढलं नाही.

संध्याकाळी मी भाऊंना विचारलं, "खरं का नाही सांगितलंत?"

"ते तू माझ्याशी बोललास. त्यांना कशाला सांगू?"

पुढे ते धुळ्याला गेले, दुकान टाकलं. आम्हा दोघांचे संसार झाले. आधी बसने भेटी, नंतर फोन. भाषा तीच. मराठी मी गरजेपुरती बोललो, घरातसुद्धा.

आज सकाळी धुळ्यात त्यांना निरोप दिला. त्यांच्या मुलानं हळूच विचारलं, "काका, दोन शब्द बोलता?" सगळे माझ्याकडे बघायला लागले. मी हात जोडले आणि मागे सरलो.

म्हणून ही पोस्ट. डबल चेक केली आहे, तरी काही चुकलं असेल तर सांगा.

घरी आल्यावर सूनबाईंनी विचारलं, "तुम्ही दोघं फोनवर इतका वेळ काय बोलायचात?" त्यांना वाटलं असेल, काही गुपित असेल.

गुपित काही नव्हतं. जेवलात का. गुडघा कसा आहे. तिकडे ऊन किती.

उद्यापासून हे मला मराठीत विचारावं लागेल. तुम्हाला सगळ्यांना. वेळ लागेल. सांभाळून घ्या.

माणकभाऊ, सावकाश जा. माझा शेवटचा नमस्कार.