संयुक्ताने मागितलं तरी काय

कोलूच्या, म्हणजे नवरात्रातल्या बाहुल्यांच्या मांडणीच्या, पायऱ्या लावायला संयुक्ता, त्यावर धुतलेली धोतरासारखी वेष्टी अंथरायला संयुक्ता, बाहुल्यांच्या मोडक्या माना चिकटवायला संयुक्ता, आणि संध्याकाळी बायका यायला लागल्या की आत हरभऱ्याचं सुंडल परतायलाही संयुक्ताच. चेन्नईच्या वेस्ट मांबलममधल्या त्या छोट्या फ्लॅटमध्ये प्रत्येक नवरात्र असंच जायचं आणि कुणाला त्यात काही वाटायचं नाही. तिलाही नाही. म्हणजे वाटायचं, पण नक्की काय वाटतंय तेच कळायचं नाही.

तंजावरकडची मराठी माणसं ही. कोलू बघायला आलेल्या बाईला तांबूल द्यायचं, म्हणजे विडा, हळदकुंकू, ब्लाउजपीस. आधी सवाष्णी, मग लहान मुली. लहान होती तेव्हा संयुक्ताला परकर-पोलकं घालून पुढे बसवायचे आणि सगळ्या बायका गाल ओढायच्या. पण चाळिशी उलटलेली बिनलग्नाची बाई कशात धरायची? दुसऱ्यांच्या घरी ताट तिच्यासमोर आलं की देणारीचा हात जरा थबकायचा आणि नजर तिच्या आईकडे, कनकाकडे जायची, की देऊ ना हिला? द्यायच्या शेवटी. पण ती नजर! तिला ती नजर इतकी नको झाली की तिने कोलू बघायला जाणंच सोडलं आणि स्वतःच्या घरात स्वयंपाकघर धरलं. लग्न का नाही झालं तर मूळ नक्षत्र. सासऱ्याच्या जिवाला वाईट म्हणे. स्थळं यायची, जातक म्हणजे पत्रिका बघायची आणि कॉफी पिऊन जायची.

अण्णा नगरच्या एका लॅबमध्ये ती रिपोर्ट द्यायच्या काउंटरवर बसते. शेजारच्या खुर्चीवर एस्तर. एस्तर बडबडी आणि डब्यातलं हक्काने उचलणारी. एकदा जेवताना जातकाची सगळी गोष्ट ऐकून ती मासा चावत म्हणाली, "येसूला जातक लागत नाही, रविवारी चर्चला ये." संयुक्ता हसली आणि खरंच गेली. का गेली ते विचारू नका, तिलाच माहीत नव्हतं.

हार्डवेअरच्या दुकानावरचा एक हॉल. प्लास्टिकच्या खुर्च्या, भिंतीवर नुसता क्रूस. दारातल्या म्हाताऱ्या बाईने नाव विचारलं. संयुक्ताने सांगितलं. "बस, संयुक्ता," ती म्हणाली आणि पंखा हिच्या बाजूला वळवून गेली. संयुक्ता पुढच्या प्रश्नाची वाट बघत बसली. नवरा काय करतो, मुलं किती, हा प्रश्न येतोच ना नेहमी. प्रार्थना झाली, गाणी झाली, चहा झाला, तरी तो आलाच नाही. पास्टर त्यांच्या जड तमिळमध्ये सांगत होते की ज्याने तुला घडवलं त्याने तुला बघितलंय आणि त्याला तू आवडलीस, तू अजून काही केलं नव्हतंस तेव्हापासून आवडलीस. अर्धे शब्द तिला कळले नाहीत. पण "तू काही केलं नव्हतंस तेव्हापासून" एवढं कळलं आणि ती ओढणीत तोंड घालून इतकी रडली की एस्तर घाबरली.

मग ती दर रविवारी जायला लागली आणि तिथून डोक्यातला गोंधळ सुरू झाला. संध्याकाळी घरात देवाजवळ दिवा तीच लावायची. हात जोडले की ओठांवर येसू यायचा आणि समोर तिरुपतीचा फोटो. आपण दोघांनाही फसवतोय असं वाटायचं. खरंच विश्वास बसलाय का आपला, की कुणी नीट बोललं म्हणून आपण विरघळलोय? एस्तरला विचारलं तर एस्तर म्हणाली, देवालाच विचार. आता देवाला विचारायचं म्हणजे कुठल्या देवाला, हाच तर प्रश्न होता! आणि हॉलमधल्या एकाही बाईच्या कपाळाला कुंकू नव्हतं. हिला कुणी पूस म्हणालं नाही, पण तिथे आरशात बघितलं की आपण पाहुणी वाटतो, आणि पुसून घरी गेलं तर घरात पाहुणी वाटू. म्हणून ती जिन्यात टिकली काढायची आणि उतरताना परत लावायची, आणि दोन्ही वेळा तिला स्वतःचीच लाज वाटायची.

आईला तिने एवढंच सांगितलं की चर्चला जाते. कनका चिडेल असं वाटलेलं, तर कनका खूश! कारण चेन्नईत चर्चला कोण जात नाही? वेंकटला, म्हणजे संयुक्ताच्या भावाला, नोकरी लागत नव्हती तेव्हा कनका स्वतः बेसंट नगरच्या चर्चमध्ये वेलांकण्णी मातेला मेणबत्ती लावून आली होती. ती धरूनच चालली की पोरीने शेवटी लग्नासाठी नवस बोललाय. रविवारी सकाळी ती पिशवीत नारळ आणि मोगऱ्याचा गजरा घालून द्यायला लागली. संयुक्ताची सांगायची हिंमत होईना. नारळ एस्तर घरी न्यायची, तिच्या घरी त्याचं माशाचं कुळंबू, म्हणजे कालवण व्हायचं.

हे असंच चाललं असतं. पण संयुक्ताने बाप्तिस्मा घ्यायचं ठरवलं आणि नेमकं त्याच रविवारी कनका म्हणाली की नवस संपत आला असेल, मातेला साडी द्यायला मीही येते. नको म्हणायला कारण सुचेना. कनका पट्टूची रेशमी साडी छातीशी धरून तो जिना चढली, दारात उभी राहिली आणि चारी भिंती बघितल्या.

"माता कोठे गे?"

"इथं नाही, आई."

"मग साडी कोणाला द्यायची?"

मागे गच्चीवर सिमेंटच्या हौदात पाणी भरत होते, त्याचा आवाज येत होता. तिने एका दमात सांगून टाकलं. नवस नाही, लग्न नाही, मी काहीच मागितलं नाही, आज मी त्या पाण्यात उतरणार आहे, मी येसूची होणार आहे.

कनका प्लास्टिकच्या खुर्चीवर बसली. बराच वेळ साडीची घडी सारखी करत राहिली.

"आम्ही काय कमी केलं गे तुला?"

"कोलूला बायका येतात तेव्हा मी आत का असते, आई?"

"सुंडल कोण करणार मग?" कनका म्हणाली. अगदी खरं खरं म्हणाली. तिला खरंच दुसरं उत्तर माहीत नव्हतं.

संयुक्ताला हसू आलं, रडू आलं, आणि राग कुणावर काढायचा तेच कळेना. आई वाईट नाहीच ना. वाईट असती तर किती सोपं झालं असतं! कनका मी खाली थांबते म्हणाली आणि कठडा धरून उतरून गेली.

पास्टरांनी आज राहू दे का विचारलं. संयुक्ता नाही म्हणाली. आईला सोडून नाही जायचं म्हणून आज नको वाटत होतं, आणि आज नको म्हटलं तर परत तोच पिशवीतला खोटा नवस, म्हणून आजच. पाण्यात ती उतरली. कानात पाणी गेलं. काहीतरी प्रचंड होईल असं तिला वाटलेलं, तसं झालं नाही. फक्त वर आल्यावर दचकून कळलं की त्या क्षणी ती कुणाच्याही नजरेची वाट बघत नव्हती.

ओले केस पिळत खाली आली तर कनका दुकानाच्या पायरीवर होती. गेली नव्हती. दोघी स्टेशनच्या बाजूने चालायला लागल्या.

"थंड होतं का पाणी?"

"होतं."

"घरात जेवतीस की नाही आता?"

"जेवते की."

पुढच्या कोपऱ्यावर कनका रस्त्याकडेच बघत म्हणाली, "आता तू आमची, की त्यांची?"

संयुक्ताने तोंड उघडलं. तुमचीच, हे खरं होतं. येसूची, हेही खरं होतं. पहिल्यांदाच मी माझी आहे, हेही. यातलं एक म्हणावं तर बाकीची दोन खोटी पडतील असं तिला वाटलं.

"नाही कळत, आई," ती म्हणाली. "पण यंदा बायका येतील तेव्हा मी बाहेर बसणार."

कनका थांबली. लेकीच्या ओल्या केसांकडे, रिकाम्या कपाळाकडे बघत राहिली, बघतच राहिली.

"बाहेर बसून त्यांना काय सांगतीस?"

"नाव," संयुक्ता म्हणाली.

सुंडल आदल्या रात्री करून ठेवलं तर आंबेल का, एवढंच कनकाने विचारलं. याचा अर्थ काय घ्यायचा ते संयुक्ताला घर येईपर्यंत कळलं नाही.