ठप्पा आधी

गोंदियाच्या आमच्या राइस मिलमध्ये एक सुपरवायझर होते. पोत्यांच्या कामाचा क्रम त्यांनी फळ्यावर खडूनं लिहून ठेवला होता: भरा, तोला, शिवा, ठप्पा मारा. कोणी चुकलं की फळ्यापुढे उभं करून मोठ्यानं वाचायला लावत. मी कारकून, पण मीही दोनदा वाचलाय.

एकदा एक बाई रिकाम्याच पोत्यांवर ठप्पे मारताना त्यांना दिसली.

"काऊन वं, फळा दिसत नाही?"

"भरल्या पोत्यावर ठप्पा फाकते, साहेब. पाहा ना."

बाईचं काम गेलं, असं मला वाटलं. ते मात्र दहा पोती होईतो पाहत राहिले. मग बाहीनं फळा पुसून त्यांनी नवा क्रम लिहिला.

संध्याकाळी शेठनं विचारलं, "किसने बदला?"

"बाईनं," ते म्हणाले. "मी निस्तं लिवलं."