सावलीतलं काम

बहात्तरच्या दुष्काळात मी येडशीजवळच्या खडीच्या कामावर हजेरी घ्यायचो. तिथं एक म्हातारी सगळ्यांच्या आधी येऊन बसलेली असायची. तिचं नाव मी रोज पुकारायचो, पण आता ते आठवत नाही. दगड उलटासुलटा करून ती नीट बघायची, मग एकच घाव घालायची. दगड फुटायचाच.

एकदा ऊन फार तापलं आणि मला तिची दया आली. मी म्हणालो, "आजी, उद्यापासून तुम्ही लिंबाखाली बसून बायांची लेकरं सांभाळा."

तिनं हातोडी खाली ठेवली नाही. शेजारी एक ओली बाळंतीण खडी फोडत होती. तिच्याकडं बघून म्हातारी म्हणाली, "लेकराला दूध तिच्यापाशी हाय. तिला बसवा सावलीला. माजं काय काम तिथं? माजे हात चालत्यात की अजून."

मी बाळंतिणीला लिंबाखाली पाठवलं. तिच्या पुढ्यातले दगड म्हातारीनं आपल्याकडं ओढून घेतले.

आता मी तिच्या वयाचा झालोय. सोसायटीच्या सभेला गेलो की पोरं दंड धरून मला खुर्चीत बसवतात. मी मुकाट बसतो. ती बसली नसती.