बापूंचं भंगारातलं इंजिन

छंदवाल्या माणसाकडे वस्तू कमी आणि अपमान जास्त साठतात. वस्तू निदान कपाटात मावतात. अपमानांना कपाट नाही, मग ते असे चहाबरोबर बाहेर काढावे लागतात!

श्रीरामपुरात माझं घड्याळदुरुस्तीचं दुकान आहे. म्हणजे दुकान आहे, घड्याळं येत नाहीत. मोबाईलनं तो धंदा खाल्ला. मागच्या खोलीतल्या मोठ्या टेबलावर आम्ही तिघांनी खेळण्यातल्या रेल्वेचे रूळ मांडलेत. तिघं म्हणजे मी, ड्रॉइंगचे रिटायर्ड मास्तर कांबळे सर आणि पुणतांब्याचे बापू. बापूंनी उभी हयात डिझेल इंजिन चालवलं. मार्गावर विजेच्या तारा आल्या, बापू रिटायर झाले आणि त्यांचं इंजिन भंगारात गेलं.

बापूंना ते परत हवं होतं, बोटभर का होईना. कारण एकच. त्यांच्या बायकोनं, कुसुमवहिनींनी, त्या इंजिनाकडे कधी मान वर करून पाहिलं नव्हतं. थोरली मुलगी तापानं गेली तेव्हा बापू मनमाडला मालगाडी घेऊन गेले होते. तेव्हापासून त्या घरात रेल्वेचं नावच निघत नाही. "आमच्या हिनं एकदा बघावं, बास," बापू म्हणायचे. एवढ्यासाठी हा सगळा उपद्व्याप!

*

आपल्या इंजिनासारखं मॉडेल तयार मिळेना. मग एक परदेशी डिझेल इंजिन मागवलं. लालभडक, चकचकीत, आणि बापूंच्या इंजिनाशी साम्य म्हणाल तर दोन्हींना चाकं होती.

पार्सल फोडलं, आणि सरांनी पहिलं काम काय केलं असेल? करवतीच्या पात्यानं त्याचं नाक कापलं! पुढचा भाग आखूड हवा होता, केबिन मागं सरकवायची होती.

तेवढ्यात माझी बायको सुलू चहा घेऊन आली. कापलेले तुकडे बघून तिनं कपाळाला हात लावला.

"खराब निघालं होय? मग कंपनीला परत पाठवायचं ना!"

"खराब नाही गं, चांगलं आहे. म्हणून तर कापतोय."

ती चहा घेऊन परत गेली. त्या दिवशी आम्हाला चहा मिळाला नाही.

*

मग रंग. सरांनी जुना फोटो समोर ठेवून निळा कालवला. बापू म्हणाले, "ह्यो न्हाई. लई फिक्का झाला." सरांनी गडद केला. "ह्यो बी न्हाई." परत खरवडला, परत मारला. असं किती वेळा झालं ते सरांना विचारू नका, अजून चिडतात.

शेवटी सरांनी ब्रश आपटला. "बापू, फोटोत जो आहे तोच रंग आहे हा! तुम्ही रोज बघत होता ना?"

बापूंनी फोटो उचलून बघितला. मग हळूच म्हणाले, "सर, मी आत बसायचो. ड्रायव्हरला इंजिन भाईरनं दिसतंय कुठं?"

सर परत फोटोतला रंग मारायला बसले.

*

केबिनमधला बाहुला परदेशीच होता, गोरापान, डोक्यावर टोपी. सरांनी त्याला सावळा केला, टोपी उडवली, गळ्यात टॉवेल रंगवला. बापू खूश. भिंगातून बघून म्हणाले, "पोट जरा जास्त वाटतंय."

"तुमच्याकडे बघूनच केलंय."

"आवो, ह्ये रिटायर झाल्यावर सुटलंय! इंजिनावर जेवायला कवा मिळत हुतं?"

पोट तासलं. माणसाच्या आयुष्यात ही सोय नाही.

*

आता ज्याची आठवण काढली की सर आजही उठून जातात, तो किस्सा. इंजिन नवं दिसता कामा नये, म्हणून सरांनी त्याच्यावर मळ चढवला. धुराची काजळी, तेलाचे ओघळ, सांध्यांत गंज, सगळं बारीक ब्रशनं. पावसाळाभर तेच चाललं होतं. शेवटी बापूंनी वास घेऊन बघितला, इतकं खरं!

खंडेनवमी आली. सुलूनं दुकानातली सगळी हत्यारं पूजेला काढली. मी दर्शनाला गेलो तर चिमटे, स्क्रू-ड्रायव्हर, आणि मधोमध इंजिन! घासूनपुसून लख्ख, वर हळदकुंकू आणि झेंडूचं फूल.

"किती घाण केलं होतं तुम्ही!" सुलू म्हणाली. "टूथब्रश झिजला माझा."

सर आले, त्यांनी बघितलं, आणि चपला घालून निघून गेले. बापू मात्र डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसले. "शेडमधी आमी बी ह्येच करायचो की! सणाला पार धुवून काढायचो."

हे सरांना सांगायची माझी हिंमत झाली नाही. मळ परत चढवायला पुढचा उन्हाळा उजाडला.

*

एका प्रदर्शनात आम्ही इंजिन मांडलं. प्रमुख पाहुणे आले. "वा! पण आता डिझेल गेलं. विजेचं का नाही केलं?" इतकं बोलून ते पुढच्या थर्माकोलच्या किल्ल्यासमोर फोटोला उभे राहिले.

त्यांचा माणूस मागं राहिला. "साहेबांच्या नातवाला आवडलंय. पॅक करून द्या."

सर घाबरले, मी घाबरलो. बापूंनी इंजिन उचलून पिशवीत घातलं. "ड्युटीवर हाय. सुट्टी मंजूर न्हाई म्हनावं!"

बक्षीस किल्ल्याला मिळालं. आम्हाला नंतर कुणी बोलावलं नाही.

*

इंजिन तयार झालं तरी वहिनी काही येईनात. बापू विचारायचे, त्या "मला कामं हायेत" म्हणायच्या. शेवटी एकदा दवाखान्याच्या निमित्तानं श्रीरामपूरला आल्या, आणि पुणतांब्याची एसटी वेळेवर आली नाही. उन्हात कुठं बसायचं, म्हणून बापू त्यांना दुकानात घेऊन आले. सुलूनं खुर्ची दिली, पाणी दिलं. बापूंनी टेबलाच्या कडेचा, इंजिनाच्या वेगाचा रेग्युलेटर फिरवला.

इंजिन निघालं. टेबलाला वळसा घालून वहिनींच्या समोरून गेलं. परत आलं, परत गेलं. बापू इंजिनाकडे बघतच नव्हते, वहिनींच्या तोंडाकडे बघत होते.

"कुठं चाललंय ह्ये?" वहिनींनी विचारलं.

सर पडले मास्तर, लगेच समजवायला लागले. "वहिनी, जागा कमी ना, म्हणून रूळ गोल टाकलेत. जिथून सुटतं, तिथंच परत येतं."

वहिनींनी इंजिनाचा अजून एक फेरा बघितला. मग पदर सावरून उठल्या, औषधांची पिशवी घेतली आणि बापूंना म्हणाल्या,

"ह्येच चालवायचं हुतं तुमी."