उंदराचा उजवा कान

डॉ. कुमुदिनी दिघे, म्हणजे आमच्या बाई, यांना मी पहिल्यांदा भेटलो तेव्हा पादऱ्याहून बडोद्याला येऊन-जाऊन संशोधन करू पाहत होतो. नावगाव विचारण्याआधीच त्यांनी एक काळा उंदीर माझ्या हातात दिला. साध्या उंदराच्या धमन्या सहसा तुंबत नाहीत. याचं एक जनुक काढलं होतं, म्हणून याच्या रक्तात कोलेस्टेरॉल माणसासारखं साचत होतं.

साधे आणि बदललेले उंदीर दिसायला सारखेच आणि राहायला एकाच पिंजऱ्यात. ओळख कानावरच्या खाचेची: बदललेल्याच्या उजव्या, साध्याच्या डाव्या. वर्षभराने माझ्या निकालात साध्यांच्याच धमन्या तुंबलेल्या निघाल्या. मोठा शोध लागला म्हणून मी हरखलो आणि बाईंना न दाखवताच तो परीक्षकांपुढे मांडला. माझी शिष्यवृत्ती चालू ठेवायची की नाही, हे तेच ठरवणार होते.

तो ऐकताच बाई परीक्षकांना आणि मला प्राणिगृहात घेऊन गेल्या. प्रयोगातून उरलेला एक उंदीर माझ्यासमोर धरून म्हणाल्या, "हेमंत, याचा उजवा कान दाखव."

उंदराचं तोंड माझ्याकडे होतं. मी माझ्या उजव्या हाताकडचा कान दाखवला. तो त्याचा डावा होता. वर्षभराचं काम पाण्यात गेलं होतं.

"कान कसा वाचायचा हे मी याला शिकवलंच नाही," बाई परीक्षकांना म्हणाल्या. "चूक माझी आहे."

एवढ्या मोठ्या शास्त्रज्ञ माझ्यापायी मान खाली घालत होत्या. परीक्षकांनी वर्ष वाढवून दिलं. बाहेर आल्यावर बाई त्यांच्या बडोदेकरी मराठीत म्हणाल्या, "बेस जरा, पाणी पी. चल, फरीथी करू, पहिल्यापासून." त्या वर्षी दर रविवारी मांजलपूरहून स्कूटरवर येऊन उंदरांना खायला त्याच घालत, मला आईकडे पादऱ्याला जाता यावं म्हणून.

गेल्या आठवड्यात बाईंच्या पंचाहत्तरीच्या या गौरवग्रंथासाठी त्यांच्या जुन्या वह्या चाळत होतो. माझ्या पहिल्या दिवसाच्या पानावर त्यांच्या अक्षरात लिहिलं आहे: 'कान उंदराच्या पाठीकडून वाचायचा. हेमंतला तीनदा दाखवलं.' खाली माझी सही. मला यातलं काहीच आठवत नव्हतं.

मी हादरलो, आणि अजून सावरलेलो नाही. निकालात दशांशाचाही फेरफार न खपवणाऱ्या बाई खोटं बोलल्या होत्या, तेही माझ्यासाठी.

बाई, तुमची शंभरी आम्हाला धडधाकट तब्येतीनिशी साजरी करायची आहे. फक्त ती चूक आता परत द्या. ती माझी होती.