कोटातला माणूस

आमच्या वन्संना भांडता येत नसे. माझ्या नवऱ्याची ही थोरली बहीण आमच्याच घरात राहिली, आणि नणंद-भावजयीचं एका छपराखाली कसं जमतं ते ऐकायला शेजारणींनी बरीच वर्षं कान टवकारले. त्यांच्या हाती काही लागलं नाही. वन्सं शिवणयंत्रावर बसायच्या, मी स्वयंपाकघरात. दुपारी दोघी मिळून एक कप चहा दोन कपांत ओतून घ्यायचो. भांडण त्यांनी आयुष्यात एकदाच काढलं, ते नवऱ्याच्या नावासाठी.

त्यांचे यजमान, म्हणजे माझे भावोजी, धरणावर कामाला होते. भिंतीच्या टोकाला एक खोली होती. आत दरवाजे उघडायची मोठी लोखंडी चाकं, वर छपरावर भोंगा. पाणी सोडायचं असलं की आधी भोंगा वाजवायचा, खालच्या वस्तीला वर चढायला वेळ द्यायचा, मग चाक फिरवायचं. पुराच्या त्या दुपारी वरून हुकूम आला, दरवाजे उघडा, नाहीतर भिंत जाईल. भोंगा विजेवर चालणारा आणि वीज सकाळपासून गेलेली. भावोजींनी मदतनिसाला चाकापाशी उभं केलं. "मी खाली सांगून येतो. तोवर जमेल तेवढं थोपव," म्हणाले. अंगावर सरकारी जाड कोट होता. तो घालून सायकल मारता येत नाही म्हणून खुंटीला टांगला आणि उताराने निघाले.

वस्तीत ते दारोदार ठोठावत फिरले. स्वतःच्या दारावरही एकदाच थाप मारली. वन्संना म्हणाले, "पोरीला घे आणि टेकडीवर चढ. मी मागच्या गल्लीत सांगून आलोच." वन्सं लेकीला कडेवर घेऊन चढल्या. मागच्या गल्लीतली बरीच माणसं वर आली. भावोजी आले नाहीत. सापडले तेव्हा ओळखण्यासारखे उरले नव्हते.

घरात गाळ भरला. लग्नाचा एकुलता एक फोटो चिखलातून काढला तर कागदावर नुसते तपकिरी डाग. राहिला तो कोट, कारण तो वर खोलीत होता. मदतनिसाने घडी करून आणून दिला. तो कोट आणि लेक घेऊन वन्सं आमच्याकडे राहायला आल्या.

भाची शाळेत वरच्या वर्गात होती तेव्हा टीव्हीवाले पहिल्यांदा आले. जुन्या दुर्घटनांवर त्यांचा कार्यक्रम होता. दिग्दर्शक तोंडात साखर असलेला. वन्संना 'मावशी' म्हणाला, चहा मागून घेतला, बशीने प्याला. कोट पाहून म्हणाला, "मावशी, हा द्या. आम्हाला सगळं खरं हवंय." वन्संनी कोट ऊन दाखवून, निसटायला आलेलं एक बटण पक्कं करून दिला.

कोट इस्त्री होऊन परत आला. सोबत एक मोठा फोटो. धरणाच्या कठड्याला हात टेकवून तो कोट घातलेला माणूस पाण्याकडे बघतोय. वन्संनी तो खिडकीपाशी उजेडात धरला.

"अगदी असेच उभे राहायचे गं."

फोटोला चौकट आली, आणि तो देवांच्या फळीशेजारी भिंतीवर गेला. मी आपलं हळूच म्हटलं, "वन्सं, हा नट आहे हो."

"ठाऊक आहे, धाकटे. देवाची मूर्ती तरी देवाला समोर बसवून कुठे घडवतात?"

मी दिवा लावायची तेव्हा दोन्हीकडे हात जोडायची. भाचीने आईला विचारलं, "बाबा असे होते?" वन्सं म्हणाल्या, "असेच." पुढे कधीतरी 'असेच'चं 'हेच' झालं. कधी झालं ते घरात कोणाच्या ध्यानात आलं नाही.

कार्यक्रम लागला त्या संध्याकाळी आम्ही शेजाऱ्यांना बोलावलं होतं. पडद्यावर तो कोट आला. पाठमोऱ्या माणसाने कोटाच्या खिशातून बाटली काढली, तोंडाला लावली, आणि टेबलावर कोपरात तोंड खुपसून झोपला. भोंग्याचं बटण मोठ्ठं करून दाखवलं, त्याच्यापाशी लोंबणारा हात दाखवला, मग पाणी. कोपऱ्यात 'नाट्य रूपांतर' अशी अक्षरं उमटली आणि वाचेपर्यंत गेली. शेजाऱ्यांनी चहा अर्धा ठेवला. "बराय, निघतो," म्हणून एकेक उठले.

वन्संनी दिग्दर्शकाला फोन लावला. आवाज चढवायचा ठरवून लावला होता, चढलाच नाही. "ह्यांनी कधी हात लावला नाही हो दारूला. वीज नव्हती."

"मावशी, अहो ते नाट्य आहे. लोकांना गोष्टीत एक माणूस लागतो. वीज गेली हे मी कोणाच्या तोंडावर दाखवू? वीज काही नट आहे का?"

पुढच्या वर्षी दुसऱ्या वाहिनीने तोच तुकडा घेतला, कोपऱ्यातली अक्षरं काढून. 'त्या दिवसाचं दुर्मीळ चित्रण' म्हणून दाखवला. मग तो मोबाइलवर फिरायला लागला. जे त्या दिवशी जन्मलेही नव्हते ते भाचीला विचारायचे, "ते झोपलेले तुझे वडील ना?" एवढ्यावर थांबतं तर सोसलं असतं. मागच्या गल्लीतला म्हातारा लोहार, जो लेकरांसकट टेकडीवर पोचला होता, तो दुकानात सगळ्यांदेखत म्हणाला, "प्यायचा म्हणे."

वन्संनी विचारलं, "काका, त्या दिवशी तुमचं दार कोणी ठोठावलं?"

"कोणीतरी ठोठावलं, बाई. पण टीव्हीवाले उगाच कशाला दाखवतील?"

मग धरणाच्या पायथ्याशी दगड उभा करायचं ठरलं, गावाने त्यासाठी समिती नेमली. बुडालेल्या सगळ्यांची नावं त्यावर कोरायची. यादीतून भावोजींचं नाव गाळलं. वन्सं समितीच्या दारात जाऊन बसायला लागल्या. शिवणाची पिशवी बरोबर न्यायच्या, बसल्या बसल्या काजं करायच्या. अध्यक्ष कंटाळून म्हणाले, "आजी, आमचं काही वैर नाही. लोक म्हणतात, मारणाऱ्याचं नाव मेलेल्यांत कसं?"

"ते मेले नाहीत का?" वन्सं म्हणाल्या. माझ्या ऐकण्यात त्या दिवशी पहिल्यांदा त्यांचा आवाज चढला.

देवाने त्या वेळी एक मुलगी धाडली असंच मला वाटलं. नवी पत्रकार, अंगाने काडी, पण हाडाची चिवट. तिने मदतनिसाला शोधून काढलं. त्याला आता जेमतेम दिसायचं. कॅमेऱ्यासमोर त्याने सगळं सांगितलं, वीज, हुकूम, खुंटीवरचा कोट. मागच्या गल्लीतल्या दोघी बायकाही बोलल्या. अध्यक्षांनी शब्द दिला, "कार्यक्रम लागू द्या. लोकांनी पाहिलं की नाव घालतो." दगडावर तेवढी एक ओळ मोकळी ठेवली. वन्सं ती हात लावून बघून आल्या.

शेवटी ती मुलगी घरी आली आणि म्हणाली, "आजी, त्यांचा एखादा फोटो मिळेल?" मी तेव्हा नवऱ्याच्या उशाशी दवाखान्यात होते. घरी वन्सं आणि भाची. वन्संनी भिंतीवरून चौकट उतरवली, पदराने काच पुसली आणि दिली. मुलीने मोबाइलवर फोटो टिपून घेतला, आणि चौकट परत भिंतीवर गेली. भाचीलाही इतक्या वर्षांत त्यात वावगं वाटेनासं झालं होतं. तिचे बाबा तेच होते. आणि त्या पत्रकार मुलीने फिरणारा तुकडा पाहिला होता, पण त्यात माणसाचं तोंड कुठे दिसत होतं?

कार्यक्रम फार चांगला झाला. शेवटी पडदाभर तो फोटो, खाली भावोजींचं नाव. दवाखान्यातल्या टीव्हीवर मी तो पाहिला आणि तशीच बाहेर व्हरांड्यात आले. फोन केला तर पलीकडे आनंदाने रडणं चाललं होतं. फोटोचं बोलून आता उपयोग नव्हता, कार्यक्रम लागून गेला होता.

तो नट आता विनोदी कामं करून घराघरांत पोचलेला आहे, पण टक्कल पडून पोट सुटल्यावर फोटोतला तरणा माणूस तोच हे कोणाला ओळखू आलं नव्हतं. सकाळी त्याने स्वतःचाच तो फोटो मोबाइलवर टाकला. खाली लिहिलं, "मित्रांनो, मी बुडून मेलो हे मला काल रात्री कळलं." लोक खदाखदा हसले. दुपारपर्यंत हसणं संपून दुसरं सुरू झालं. फोटो खोटा, तर वीज गेल्याचं तरी खरं कशावरून? म्हाताऱ्या मदतनिसाला किती दिले? वाहिनीने माफी मागितली आणि कार्यक्रम काढून टाकला.

ती मुलगी आली. उंबऱ्याबाहेरच उभी राहिली. तिची नोकरी राहिली नव्हती.

वन्सं म्हणाल्या, "आत ये. तू काही केलं नाहीस. दिला मीच."

"आजी, तो नट आहे हे सांगितलं का नाहीत?"

वन्संनी हातातल्या कापडाची घडी घातली. मग म्हणाल्या, "मला आठवलंच नाही गं."

दगडावरची मोकळी ओळ सिमेंटने भरून घेतली. त्यावर फुलाची नक्षी काढली. वन्सं बघायला गेल्या नाहीत. समितीच्या दाराशीही पुन्हा गेल्या नाहीत.

भाचीने रागाने चौकट उतरवली आणि कपाटाच्या मागे सारली. भिंतीवर फिक्या रंगाचा चौकोन राहिला. एका दुपारी मी चहा ओतत होते, तर वन्सं यंत्रावर हात ठेवून नुसत्याच बसलेल्या.

"धाकटे, डोळे मिटले की तोच मेला येतो. ह्यांचं नाक कसं होतं गं? तू पाहिलं होतंस ना?"

मी पाहिलं होतं. माझ्या लग्नात भावोजींनी पंक्तीत वाढलं होतं, नंतरही ते येत-जात. मी डोळ्यांपुढे आणायचा प्रयत्न केला. कोट आला, कठडा आला, आणि कोटात तो नट. देवाला मनात हाक मारली, तरी नटच.

"थोडं बसकं होतं," मी म्हटलं.

"हो का?" वन्सं म्हणाल्या. त्यांनी ते मनात दोनदा म्हणून पाहिलं असावं, ओठ हलताना दिसले. मग त्यांनी सुईत दोरा घातला आणि यंत्र सुरू केलं.