जावईबापूंचा ट्रान्समीटर

माझ्या जावेचं, म्हणजे तुमच्या धाकट्या आजीचं, रेडिओवरचं भाषण कसं झालं असं तुम्ही दोघांनी विचारलंत. ते कोणी ऐकलंच नाही. का, ते लिहिते. जावईबापूंची हकीकत तुमच्यापर्यंत पोचायच्या आत खरी पोचलेली बरी.

सुकवलेल्या कोळंबीचे सोडे कसे पारखावेत, यावर ती बोलणार होती. थेट प्रक्षेपण. कितीतरी दिवस ओट्यापाशी उभी राहून पाठ करत होती. मच्छीमार नगरातल्या ज्या बाईंकडून सोडे घेते, त्यांनाही रेडिओ लावा म्हणून सांगून आली होती. सकाळी ती परळच्या स्टुडिओत गेली आणि आम्ही दादरला तिच्या घरी रेडिओभोवती बसलो.

तिचे जावई त्याच रेडिओ केंद्रात इंजिनीअर. चांगली खुर्ची त्यांना, पहिली बशीही त्यांनाच. ट्रान्समीटर शीवला, एका इमारतीच्या गच्चीवर. पूर्वी तिथे माणूस बसायचा. जावईबापूंनी त्याला हलवून एक पेटी बसवली. तिला फोन लावायचा, आकडे दाबायचे. ती इंग्रजीत ट्रान्समीटरची तब्येत सांगते, हुकूम घेते आणि अधूनमधून स्वतःहूनही फोन करते.

"काकू, बसल्या जागी सगळं बंद-चालू करतो मी," ते म्हणाले. हे मी त्यांच्या साखरपुड्यापासून ऐकते आहे.

"नमस्कार," रेडिओवर धाकटी आजी म्हणाली, आणि पुढे नुसती खरखर.

जावईबापूंनी बशी हातातच ठेवून फोन लावला, स्पीकरवर. आकडा दाबला. "कमांड ॲक्सेप्टेड," पेटी गोड आवाजात म्हणाली. खरखर तशीच. पुन्हा दाबला. पुन्हा ॲक्सेप्टेड.

"बघा, घेतेय ना कमांड!"

"घेतेय. करत नाहीये," मी म्हटलं. "टॅक्सी करा, शीव काही लांब नाही."

"काकू, जावं लागू नये म्हणूनच तर ही सिस्टीम आहे."

"अरे, निदान वॉचमनला तरी फोन कर! आई बोलतेय तिकडे," त्यांची बायको, माझी पुतणी, ओरडली.

"वॉचमनला काय कळतंय त्यातलं?"

पेटीने आणखी बरेच हुकूम स्वीकारले. शेवटी फोन वॉचमनलाच गेला. त्याने गच्चीवर जाऊन पडलेला खटका वर केला, आणि गुडघेदुखीच्या तेलाची जाहिरात खणखणीत ऐकू आली. भाषण केव्हाच संपलं होतं.

"आलं की नाही?" जावईबापू म्हणाले. "इथूनच केलं."

धाकटी आजी गजरा माळून घरी आली. दारातूनच म्हणाली, "कशी बोलले?"

"एकदम क्लिअर, आई!" जावईबापू.

सगळे खाली बघायला लागले. जावयाला खोटं कोण पाडणार? मी पाडलं. "'नमस्कार' छान झाला. पुढचं यांच्या पेटीने खाल्लं."

तिने पर्स टेबलावर ठेवली. मग जावयाला म्हणाली, "उठा तुम्ही त्या खुर्चीतून."

तिथे बसून तिने सगळं भाषण पहिल्यापासून केलं. चांगला सोडा मोडताना कट्कन आवाज येतो, वाकला तर तो दमट, इथपर्यंत आली आणि उभ्या असलेल्या जावईबापूंचा फोन वाजला. सर्व काही सुरळीत असल्याचं पेटी कळवत होती.